पंचावन्न विजय, साठ पराभव : प्राध्यापक नेस्मिथ यांचं करिअर कसं वाचायचं?

संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये एक प्रश्न हमखास येतो. प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांतला फरक स्पष्ट करा. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मूळ कागदपत्र, पत्रव्यवहार, मुलाखत म्हणजे प्राथमिक. त्यावर कुणीतरी नंतर लिहिलेलं म्हणजे दुय्यम. चार मार्क मिळतात, आपण पुढच्या प्रश्नाकडे जातो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. एकाच माणसाची दोन प्राथमिक साधनं एकमेकांशी जुळत नसतील तर काय करायचं? आणि एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचा निकाल एका आकड्यात लिहिलेला असेल, तर तो आकडा किती मानायचा?

या दोन प्रश्नांसाठी आज एक केस घेऊया. मी मुळात विज्ञान शाखेची, त्यामुळे आकडा दिसला की आधी तो कशाचा आहे हे विचारायची सवय आहे. इथेही सुरुवात आकड्यापासूनच करते.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ जगप्रसिद्ध आहे. १८९८ पासून आजपर्यंत या संघाला फक्त आठ मुख्य प्रशिक्षक मिळाले. त्यांतल्या सात जणांनी हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने जास्त आहेत. एकाच प्रशिक्षकाचा हिशोब उलटा आहे : ५५ विजय, ६० पराभव. या प्रशिक्षकाचं नाव जेम्स नेस्मिथ. आणि बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला तोही याच माणसाने.

म्हणजे ज्याने खेळ तयार केला तोच त्या विद्यापीठाच्या यादीतला सगळ्यात अपयशी प्रशिक्षक. वाचायला मजेशीर वाटतं, म्हणूनच ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण संशोधक म्हणून आपल्याला मजेपुढे जायचंय.

आधी समस्या नीट मांडू

नेस्मिथ यांचा जन्म १८६१ चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या आल्मंट गावाजवळचा. मॅकगिल विद्यापीठातून पदवी, त्यानंतर धर्मशास्त्राचं शिक्षण. १८९० मध्ये ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत आले. तरुणांना शारीरिक शिक्षण देणारे शिक्षक तयार करायचे, हे त्या संस्थेचं काम. विभागप्रमुख होते ल्यूथर गुलिक.

१८९१ च्या हिवाळ्यात तिथे एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ, त्यामुळे फुटबॉल बंद. आत जिममध्ये फक्त कवायती आणि साधनांवरचे व्यायाम. एक तुकडी याला इतकी कंटाळली होती, की दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. गुलिक यांनी ही तुकडी नेस्मिथ यांच्याकडे सोपवली आणि सांगितलं, आत खेळता येईल असा नवीन खेळ शोधा. मुदत चौदा दिवस.

आता हे संशोधन प्रस्तावाच्या भाषेत बघा. समस्या स्पष्ट आहे. मर्यादा स्पष्ट आहेत : बंदिस्त जागा, लाकडी जमीन, जवळपास भिंती, अठरा तरणीताठी मुलं. वेळ ठरलेली. नेस्मिथ यांनी सुरुवातीला आपण सगळे करतो तेच केलं, म्हणजे उपलब्ध गोष्टींत थोडाफार बदल. फुटबॉल आत खेळून पाहिला, सॉकर पाहिलं, लॅक्रॉस पाहिलं. काहीच जमलं नाही. कुणी भिंतीवर आदळलं, कुणाच्या हाताला काठी लागली.

मग त्यांनी प्रश्न बदलला. कुठला खेळ आत आणता येईल, हा प्रश्न सोडून दिला आणि खेळात दुखापत नेमकी कशामुळे होते, हे विचारलं. इथून पुढची तर्कसाखळी सरळ आहे :

– फुटबॉलमध्ये खेळाडूला खाली पाडतात, कारण तो चेंडू घेऊन पळत असतो. चेंडू घेऊन पळायचंच नाही असं ठरवलं, तर पाडायचं कारणच उरत नाही.

– काठी किंवा बॅट असली की इजा होते. चेंडू मोठा घेतला आणि हातानेच खेळायचा ठरवला, तर काठी लागतच नाही.

– गोलपोस्ट समोर उभा असला की चेंडू जोरात मारला जातो. गोल डोक्याच्या वर आणि आडवा ठेवला, तर चेंडू कमानीत, हलक्या हाताने टाकावा लागतो. जोर लावून उपयोग नाही.

तिसरा मुद्दा त्यांना लहानपणीच्या एका खेळावरून सुचला. आल्मंटमध्ये मुलं एका मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवून तो लांबून दगड मारून पाडायची. आपली लगोरी वेगळी, पण नेमाचं तत्त्व तेच. जोरात मारलेला दगड चुकला की लांब जाऊन पडतो आणि तो आणताना तुम्ही पकडले जाता. अलगद, उंचावरून टाकलेला दगड फायद्याचा ठरतो. हा बालपणीचा अनुभव तीस वर्षांच्या शिक्षकाच्या कामी आला.

संस्थेच्या शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या जिमच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आजही बास्केटची उंची दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर आहे. जगभरातल्या प्रत्येक मैदानावरचा हा आकडा कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. एका इमारतीच्या सज्जातून आलाय. प्रमाणित मोजमाप दिसलं की त्याच्यामागे शास्त्र असेलच असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोन साक्षी, एकच साक्षीदार

पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ रोजी झाला असं मानलं जातं. नऊ विरुद्ध नऊ खेळाडू, आणि निकाल १–०. प्रचलित गोष्ट अशी : नेस्मिथ यांनी तेरा नियम तयार केले, कार्यालयातल्या टंकलेखिकेने ते दोन पानांवर टाइप केले, सूचना फलकावर लावले, मुलांनी वाचले आणि खेळ सुरू झाला. तिसऱ्या नियमात स्पष्ट म्हटलंय की खेळाडूने चेंडू घेऊन पळायचं नाही.

ही दोन टाइप केलेली पानं आजही आहेत. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना ४३ लाख डॉलरपेक्षा जास्त किंमत आली आणि आता ती कॅन्सस विद्यापीठाच्या आवारात प्रदर्शनात ठेवली आहेत. याहून भक्कम प्राथमिक साधन काय असणार, असं वाटतं ना?

आता दुसरी साक्ष. ३१ जानेवारी १९३९ रोजी नेस्मिथ न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात बोलले. त्यांच्या आवाजाचं हे ध्वनिमुद्रण कॅन्सस विद्यापीठातले धर्माभ्यासाचे प्राध्यापक मायकेल झॉग्री यांना सापडलं आणि २०१५ च्या शेवटी ते लोकांसमोर आलं. त्यात नेस्मिथ सांगतात, की पहिल्या सामन्यात नियम पुरेसे नव्हते आणि तीच चूक झाली. मुलं एकमेकांना पाडायला लागली, लाथा-बुक्क्या सुरू झाल्या. एक जण बेशुद्ध पडला, काहींचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला. नंतर मुलांनी पुन्हा खेळू द्या म्हणून पिच्छा पुरवला, म्हणून आणखी नियम केले. त्यांतला सर्वात महत्त्वाचा : चेंडू घेऊन पळायचं नाही.

म्हणजे एका साक्षीनुसार हा नियम पहिल्या सामन्याआधी होता, दुसऱ्या साक्षीनुसार पहिल्या सामन्यानंतर आला. साक्षीदार दोन्हीकडे तोच.

इथे बरेच विद्यार्थी घाईने एक बाजू घेतात. लिखित पुरावा तोंडी पुराव्यापेक्षा श्रेष्ठ, म्हणून टाइप केलेली पानं खरी. किंवा उलट, प्रत्यक्ष माणसाचा आवाज आहे, म्हणून रेडिओ खरा. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारायला हवेत : हे कधी तयार झालं, कुणासाठी झालं आणि ते कशाबद्दल बोलू शकतं?

टाइप केलेली पानं घ्या. त्यांवर नियम आहेत. ते पहिल्या सामन्याच्या आधी भिंतीवर लागले होते, हे मात्र पानं स्वतः सांगत नाहीत. ते आपल्याला नेस्मिथ यांच्या आठवणींतून कळतं आणि त्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध झालं १९४१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. इतकंच काय, या पानांवर नेस्मिथ यांनी १९३१ मध्ये स्वतःच्या हाताने टीप लिहून सही केली आहे. मुलांना नियम कळावेत म्हणून जिममध्ये लावलेला हा पहिला मसुदा, असं त्यात म्हटलंय आणि महिना दिलाय फेब्रुवारी १८९२. पण हेच नियम संस्थेच्या ‘द ट्रँगल’ या नियतकालिकात १५ जानेवारी १८९२ रोजी छापूनही झाले होते! चाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या टिपेत तारखेचा असा गोंधळ होणं स्वाभाविक आहे. पण यावरून एक गोष्ट लक्षात येते. कागद मूळचा असला तरी त्यावरची प्रत्येक ओळ त्याच वेळची असेल असं नाही.

रेडिओची साक्ष घ्या. सत्तेचाळीस वर्षांनंतरची आठवण, वय सत्त्याहत्तर, आणि कार्यक्रम लोकांच्या करमणुकीचा. तिथे दोन-तीन मिनिटांत रंगतदार किस्सा सांगायचा असतो. आधी फसलेल्या फुटबॉल-लॅक्रॉसच्या प्रयोगांतली मारामारी आणि पहिल्या सामन्याची मारामारी आठवणीत एकत्र होणं सहज शक्य आहे.

मग आपल्या हातात ठाम काय उरतं? छापील तारीख. १५ जानेवारी १८९२ पर्यंत तेरा नियम तयार होते आणि त्यांत न पळण्याचा नियम होता, एवढं आपण खात्रीने लिहू शकतो. शिवाय पाचवा नियम वाचला तर खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, मारणं अशी यादीच आहे. ती वाचून एवढं नक्की वाटतं, की लिहिणाऱ्याने हे सगळं जवळून पाहिलेलं होतं. मुलांना इजा होऊ नये ही काळजी दोन्ही साक्षींत आहे. वाद फक्त ती काळजी सामन्याच्या आधी कागदावर उतरली की नंतर, एवढाच.

प्रबंधात असं वाक्य लिहायला धाडस लागतं, कारण ते प्रचलित गोष्टीइतकं देखणं नसतं. पण परीक्षक ते खोडू शकत नाहीत.

खेळ जगभर गेला कसा?

या भागात आकडे कमी आणि माणसं जास्त आहेत. बास्केटबॉल स्प्रिंगफील्डहून बाहेर पडला तो मुलांच्या बॅगेतून. नाताळच्या सुट्टीत मुलं घरी गेली आणि आपापल्या गावच्या वायएमसीएमध्ये त्यांनी हा खेळ सुरू केला. ती संस्थाच मुळी शिक्षक तयार करणारी, त्यामुळे तिथला प्रत्येक विद्यार्थी उद्याचा प्रशिक्षक होता. आजच्या भाषेत सांगायचं तर वितरणाची साखळी आधीच तयार होती, फक्त त्यात नवी गोष्ट टाकायची होती.

आणि ही साखळी अमेरिकेपुरती नव्हती. त्या पहिल्या तुकडीत जपानचे इशिकावा गेन्झाबुरो होते, त्यांनी काढलेलं सुरुवातीच्या सामन्याचं रेखाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच तुकडीतले कॅनडाचे डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणला असं बास्केटबॉलच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. म्हणजे खेळ जन्मल्यानंतर तीनच वर्षांनी तो आपल्याकडे पोहोचला होता. १८९५ मध्ये वायएमसीएचे डेव्हिड विलर्ड लायन यांच्यामार्फत तो चीनमधल्या त्येनजिनला गेला. स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले ओमोरी ह्योझो यांनी १९०८ मध्ये तो टोकियोच्या वायएमसीएमध्ये सुरू केला. हेच ओमोरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानच्या पहिल्या ऑलिंपिक पथकासोबत होते.

मुलींच्या बाबतीतही असंच. जवळच्याच स्मिथ कॉलेजमधल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी काही महिन्यांतच हा खेळ आपल्या विद्यार्थिनींसाठी बदलून घेतला. मैदानाचे तीन भाग केले आणि खेळाडूंनी आपापल्या भागातच राहायचं असं ठरवलं. १८९३ मध्ये त्यांच्याकडे सामना झाला.

भारतात या साखळीचा मोठा दुवा म्हणजे हॅरी क्रो बक. हेही स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले. त्यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. देशभरातल्या शाळांना प्रशिक्षित क्रीडाशिक्षक मिळावेत हा त्यामागचा हेतू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाबरोबर बक होते. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा आणि पहिले सचिव वायएमसीएचेच डॉ. नोएरेन. स्प्रिंगफील्डच्या साखळीचं एक टोक असं थेट मुंबईच्या टाटांपर्यंत येतं.

यात एक मुद्दा मुद्दाम अधोरेखित करते. खेळ प्रवास करू शकला, कारण नियम लिहिलेले होते. दोन पानं, तेरा मुद्दे, एक चेंडू आणि दोन टोपल्या. एवढं सामान घेऊन कुणीही कुठेही खेळ सुरू करू शकत होतं. आपल्याकडे खो-खो आणि कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात होते, पण गावागणिक नियम वेगळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी ते लिहून एकसारखे करायला घेतले, तेव्हा कुठे एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी भांडण न करता खेळू लागला. प्रयोगाची पद्धत इतकी नीट लिहायची की दुसऱ्या प्रयोगशाळेत तो तसाच करता यावा, हे आपण विज्ञानात शिकतो. नियमावली लिहिणं म्हणजे नेमकं तेच.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा पुरुषांच्या पदकस्पर्धेत समावेश झाला. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांतून थोडे थोडे पैसे जमवून पंचाहत्तरीच्या नेस्मिथ यांना तिथे पाठवलं. एकवीस संघ खेळले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर झाला. पावसाने चिखल झालेला, चेंडू जमिनीवर उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असं हरवलं. जो खेळ बाहेरच्या खराब हवामानातून आत आणला होता, त्याचाच पहिला ऑलिंपिक अंतिम सामना असा पावसात झाला!

त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. क्रीडा देवाणघेवाणीवर काम करू इच्छिणाऱ्यांनी ही दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवावीत. एक खेळ मिशन, महाविद्यालयं आणि संघटना यांच्या जाळ्यातून पंचेचाळीस वर्षांत पदकतालिकेत पोहोचला. दुसरा प्रात्यक्षिकापर्यंत पोहोचला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला, तोवर आणखी चोपन्न वर्षं गेली. हा फरक खेळाच्या गुणवत्तेचा नाही. मागे उभ्या असलेल्या संस्थांचा आहे.

आणि हेही विसरू नका, की ते बर्लिन नाझी राजवटीचं होतं. आंतरराष्ट्रीय क्रीडा मैत्रीचा इतिहास लिहिताना यजमानाचा हेतू काय होता, हा प्रश्न टाळून चालत नाही.

आता ५५–६० कडे परत

नेस्मिथ स्प्रिंगफील्डहून डेन्व्हरला गेले, तिथे वायएमसीएत काम करता करता वैद्यकीय पदवी घेतली आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले. त्यांची नेमणूक शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनासभा या दोन कामांसाठी होती. बास्केटबॉल संघ हे जोडीचं काम. १९०७ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला. सुरुवातीच्या काळात पुरेशी विद्यापीठंच हा खेळ खेळत नव्हती, त्यामुळे सामने अनेकदा वायएमसीएच्या अनुभवी संघांशी व्हायचे. सामन्यात पंच म्हणूनही नेस्मिथच उभे राहत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबावं. ५५–६० आणि पुढच्या प्रशिक्षकांचे आकडे एकाच तक्त्यात ठेवता येतात का? प्रतिस्पर्धी वेगळे, नियम बदलते, आणि मुख्य म्हणजे नोकरीची अपेक्षाच वेगळी. नंतरच्या प्रशिक्षकाला जिंकण्यासाठी पगार मिळत होता. नेस्मिथ यांना तरुणांचं आरोग्य आणि स्वभाव घडवण्यासाठी ठेवलं होतं. एकच रकाना, पण त्यात मोजलेली वस्तू वेगळी.

त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ऊर्फ फॉग ॲलन पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झाला. ॲलन प्रशिक्षक व्हायला निघाला तेव्हा नेस्मिथ म्हणाले की बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असा किस्सा सांगतात. तो ॲलन यांच्याकडूनच आलेला आहे, म्हणजे गुरूला मागे टाकणाऱ्या शिष्याने सांगितलेला. वापरा, पण कुणी सांगितला हे लिहून वापरा. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे दोघंही पुढे अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक झाले. विजय-पराभवाच्या रकान्यात ही वंशावळ कुठेच दिसत नाही.

तेरा नियमांत नसलेला नियम

पण माझ्या मते नेस्मिथ यांच्या करिअरची खरी परीक्षा वेगळ्याच जागी झाली.

१९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला आला. त्या विभागातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. मॅकलेंडन नंतर सांगत, की वडिलांनी त्यांना नेस्मिथ कुठे आहेत ते शोध आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असं सांग, म्हणून पाठवलं होतं. ते गेले, तसं सांगितलं आणि नेस्मिथ यांनी मान्य केलं.

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात मात्र मॅकलेंडन यांना जागा नव्हती. तो संघ फक्त गोऱ्यांचा होता आणि १९५० चं दशक उजाडेपर्यंत तसाच राहिला. तेरा नियमांत कुठेही खेळाडूच्या वर्णाबद्दल एक शब्द नाही. पण मैदानावर कोण उतरणार हे नियमावली ठरवत नव्हती. विद्यापीठ ठरवत होतं.

पदवीसाठी पोहणं आवश्यक, आणि तलाव कृष्णवर्णीयांना बंद. मॅकलेंडन तलावात उतरले तर तलाव रिकामा केला गेला. त्यांनी माघार घेतली नाही, नेस्मिथ पाठीशी राहिले आणि शेवटी तलाव सगळ्यांसाठी खुला करावा लागला. सराव अध्यापनाच्या वेळीही नेस्मिथ यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९३६ मध्ये मॅकलेंडन पदवीधर झाले.

हे लिहिताना तोल सांभाळावा लागतो. नेस्मिथ यांनी संघाचे दरवाजे उघडले, असं म्हणता येत नाही. ते उघडले गेले नाहीत. त्यांनी एका विद्यार्थ्याला ज्ञानापर्यंत पोहोचू दिलं आणि त्यासाठी आपलं वजन वापरलं. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. चरित्र लिहिताना नायकाची मर्यादा लिहिली म्हणून नायक लहान होत नाही. आपलं लेखन मात्र विश्वासार्ह होतं.

पुढे मॅकलेंडन उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. १२ मार्च १९४४ ला, रविवारी सकाळी, गावातले लोक चर्चमध्ये असताना, त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला. वर्णभेदाच्या कायद्यांत असा सामना म्हणजे जिवाशी खेळ होता. मॅकलेंडन यांचा संघ ८८–४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्हीकडचे खेळाडू मिसळून आणखी एक सामना खेळले. वर्तमानपत्रात ओळही आली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी सहभागी लोकांना शोधून, त्यांच्याशी बोलून १९९६ मध्ये ही हकीकत लिहिली, तेव्हा जगाला कळलं. बावन्न वर्षांनी.

तोंडी पुराव्याला कमी लेखणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसं आहे. रेडिओवरच्या आठवणीबद्दल आपण सावध राहिलो, ते बरोबरच. पण जिथे कागद ठेवणंच धोक्याचं होतं, तिथे आठवण हेच साधन असतं. नियम एकच : साधन कशाबद्दल बोलू शकतं ते बघा.

मॅकलेंडन यांच्या संघाने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकन संघाच्या प्रशिक्षक मंडळात होते. वेगवान आक्रमणाची त्यांची पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली.

तुमच्या प्रस्तावासाठी

नेस्मिथ १९३७ मध्ये निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ ला वारले. त्या रेडिओ मुलाखतीनंतर दहा महिन्यांत. त्यांच्या करिअरमधून तुम्हाला संशोधनाचे प्रश्न काढायचे असतील, तर मी असे काढेन :

१. मोजमाप कोणी ठरवलं? ५५–६० हा आकडा खरा आहे, पण तो त्यांच्या कामाचं मोजमाप आहे का? तुमच्या विषयातही गुण, पदकं, उद्धृतांची संख्या असे आकडे असतील. ते कुणी, कधी आणि कशासाठी मोजायला सुरुवात केली ते आधी शोधा.

२. साधन आणि घटना यांत किती वर्षांचं अंतर आहे? प्रत्येक साधनासमोर ही संख्या लिहा. टिपांच्या वहीत एक वेगळा रकाना करा. वाटतं त्यापेक्षा खूप गोष्टी त्या एका रकान्यात उघड होतात.

३. कल्पना कुठल्या संस्थांच्या खांद्यावर बसून गेली? खेळ, शिक्षणपद्धत, यंत्र, काहीही असो. वाहून नेणारी माणसं आणि संस्था यांची यादी केल्याशिवाय प्रसाराचा इतिहास लिहू नका.

४. नियमात कोण आहे आणि मैदानावर कोण नाही? या दोन याद्यांमधलं अंतर हाच बऱ्याचदा प्रबंधाचा गाभा असतो.

आणि यासाठी कॅन्ससला जायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या शाळांत, जिमखान्यांत, व्यायामशाळांत स्पर्धांच्या नोंदवह्या, हजेरीपट, संघांचे फोटो धूळ खात पडलेत. त्या फोटोंत कोण आहे, कोणत्या साली मुली पहिल्यांदा दिसतात, कोणत्या वस्तीतली मुलं कधीच दिसत नाहीत, हे मोजता येतं. त्या वेळचे क्रीडाशिक्षक अजून हयात असतील तर त्यांच्याशी बोला, आणि लवकर बोला. त्यांच्या नावापुढे किती ढाली लागल्यात हे शाळेच्या फलकावर लिहिलेलं असतंच. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे काय झाली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. तिथून सुरुवात करा.